सध्या काय ऐकता, आणि का?

प्रश्न असा आला आहे: "गाणं भरपूर ऐकतो. मित्रांमध्ये 'सध्या काय ऐकतोयस?' हा विषय निघाला की नावं धडाधड सांगतो. पण 'त्यात काय आवडलं?' असं कुणी विचारलं की 'मस्त आहे', 'शांत वाटतं' याच्यापुढे गाडी जात नाही. तुम्ही इतकी वर्षं पेटीची साथ करता, शिकवता. तुम्ही सध्या काय ऐकता, ते का, आणि हे 'का' सांगता यायला काय करावं?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. आवडण्याचं कारण स्वतःच्या मनात शोधत बसू नका, रेकॉर्डमध्ये शोधा. "शांत वाटतं" हे तुमच्याबद्दलचं वाक्य झालं, गाण्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. "अंतऱ्याकडे जाताना बाई तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, हात लावत नाहीत, त्याच्या खालच्या निषादावरच (नी) रेंगाळतात आणि तिथूनच परत फिरतात" हे गाण्याबद्दलचं वाक्य. समोरचा माणूस रेकॉर्ड लावून ते तपासू शकतो, आणि पटलं नाही तर तुमच्याशी वादही घालू शकतो. ज्या कारणावर वाद घालता येत नाही, ते कारण गप्पांमध्ये फारसं कामाचं नसतं.

साथीदाराला असं ऐकण्यावाचून गत्यंतरच नसतं. गायक पुढच्या क्षणी कुठे वळणार याचा अंदाज घेत त्याच्या मागून, पण जवळजवळ त्याच्याबरोबर जायचं असतं. त्याने काय गायलं हे कळायला एक सेकंद उशीर झाला तरी पेटी गाण्याच्या आड येते. त्यामुळे माझं ऐकणं जरा कारकुनी वळणाचं आहे: कुठला स्वर, किती वेळ, श्वास कुठे घेतला, सम (तालाची पहिली मात्रा) कशी आली. काही रसिकांना हे कोरडं वाटतं. हिशेब मांडला की आनंद उडतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या बाबतीत तरी तो वाढतच गेला आहे.

आता सध्या काय ऐकतो ते.

सगळ्यात जास्त वाजतोय तो ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा राग. एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, अशी त्यांची प्रसिद्ध एलपी आहे. त्यातल्या मारव्यात विलंबित, म्हणजे संथ लयीत, 'पिया मोरे अनत देस', मग द्रुत, म्हणजे जलद लयीत, 'गुरु बिन ज्ञान न पावे'. ही रेकॉर्ड पुन्हा काढायचं कारण एकच, षड्ज. मारव्यात रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, गंधार-धैवत-निषाद (ग, ध, नी) शुद्ध आणि पंचम (प) वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नाही. राग उभा राहतो तो रिषभ आणि धैवतावर. षड्ज शक्यतो टाळायचा असतो. म्हणजे तानपुरा जो स्वर अखंड घोकतोय, त्यालाच गायक बगल देत राहतो. कोमल रिषभ हा षड्जाचा अगदी सख्खा शेजारी. तानपुऱ्यात षड्ज घुमत असताना गळा रिषभावर ठाम उभा राहिला की दोघांचं घर्षण कानाला स्पष्ट जाणवतं. ते घर्षण खाँसाहेब घाईघाईने मिटवत नाहीत. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, धैवताच्या आसपास, सावकाश फिरत राहतात. मग कधीतरी षड्ज लागतो आणि आपण इतका वेळ श्वास धरून बसलो होतो हे तेव्हा लक्षात येतं.

हे स्वतः करून बघा. मोबाइलवरच्या तानपुऱ्याच्या ॲपमध्ये त्यांची पट्टी, म्हणजे त्यांच्या 'सा'ची उंची, जुळवा, षड्ज मनात पक्का धरा आणि रेकॉर्ड लावा. गायक षड्जावर खरोखर येऊन थांबला की एक बोट मोडायचं. नुसता स्पर्श करून गेला तर मोडायचं नाही. पहिल्या पाच-सात मिनिटांत किती कमी बोटं मोडली जातात ते पाहा. हा हिशेब जमला की "मारवा ऐकून हुरहूर वाटते" या वाक्याला बूड येतं. हुरहूर का, तर घर समोर दिसत असून माणूस आत जात नाही म्हणून.

आणि म्हणूनच मारव्याची शिफारस कुणी "ध्यानासाठी, मन शांत करायला" म्हणून केली की मला गंमत वाटते. लय धिमी आहे एवढ्यावरून लोक त्याला शांत ठरवतात. लय आणि स्वभाव या वेगळ्या गोष्टी आहेत. मारवा हा मुळात अस्वस्थ राग आहे. खाँसाहेबांच्या गाण्यातला ठहराव आणि रागाची अस्वस्थता एकाच वेळी चालू असते, आणि माझ्या मते या रेकॉर्डची सगळी किमया त्यातच आहे.

त्याच्या जोडीला पूरिया ऐका, सोहनी ऐका. कुणाचाही चालेल. स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. पण पूरियात वजन गंधार-निषादावर जातं आणि राग खालच्या अंगाने फुलतो, तर सोहनी वरच्या सप्तकात चमकते. पेटीवर या तिघांसाठी माझी बोटं त्याच पट्ट्यांवर पडतात, तरी तिन्ही चेहरे वेगळे. "राग म्हणजे कुठले स्वर" एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी व्याख्यान देत नाही, हे तीन राग एकापाठोपाठ ऐकवतो. कुठे थांबायचं आणि कुठून नुसतं निघून जायचं यावर राग ठरतो, हे अर्ध्या तासात कान स्वतःच शिकतो.

इथे माझ्या वाद्याची मर्यादाही सांगून टाकतो. पेटीवर मींड निघत नाही. एका स्वरातून दुसऱ्यात गळा घसरत जातो ती वाट आमच्याकडे नाही, आमच्याकडे फक्त पायऱ्या आहेत. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली तेव्हा विरोधकांचा हाच तर आक्षेप होता, शिवाय तिचे सूर ठरलेल्या मापाने बांधलेले असतात हा दुसरा. बंदी पुढे उठली, पण आक्षेप खरेच आहेत. मला मात्र या उणिवेचा फायदा झाला. जे मला वाजवता येत नाही ते गायकाने केलं की कान आपोआप टवकारतो. त्याच एलपीच्या दुसऱ्या बाजूला दरबारीचा आंदोलित, म्हणजे हळूच झुलणारा, गंधार आहे. तो पेटीवर वाजवायचा प्रयत्न करून पाहावा, मग तो स्वर म्हणजे एक जागा नसून छोटासा प्रदेश आहे हे बोटांना कळतं.

हा मारवा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. यात नखरा काही नाही, साधं गणित आहे. पुरुष गायकाची पट्टी काळी एक (पेटीवर सप्तकातली पहिली काळी पट्टी) धरली तर त्याचा मध्य षड्ज 139 हर्ट्झच्या आसपास येतो आणि मंद्र षड्ज त्याच्या निम्म्यावर, 69-70 वर. मोबाइलचा चिमुकला स्पीकर एवढ्या खालचा आवाज धडपणे काढूच शकत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे उपस्वर, म्हणजे त्याच्याबरोबर उमटणारे बारीक स्वर, त्यावरून मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. स्वर ओळखू येतो, पण आवाजाचं वजन जातं. ज्या गाण्याचं अर्धं वैभव मंद्रात आहे ते असं ऐकून "ठीक आहे" म्हणणं अन्यायाचं. साधे तारेचे इअरफोनसुद्धा पुरतात. हजारोंची यंत्रं घेऊन केबलवर चर्चा करणाऱ्यांच्या नादी मी लागत नाही.

खाँसाहेबांच्या नंतर लगेच मी गायक मल्लिकार्जुन मन्सूर लावतो, मुद्दाम. झुमऱ्यासारख्या चौदा मात्रांच्या तालाची खाँसाहेब घ्यायचे तशी अतिविलंबित लय असेल तर एकेक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण मिनिटाच्या पुढेही जातं, आणि ठेका मागे कुठेतरी दूर चालू असल्यासारखा वाटतो. मन्सूर सुरुवातीला ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकले, नीलकंठबुवा मिरजकरांकडे. मग जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडे. या जयपूर-अत्रौली गाण्यात लय मुळात इतकी संथ नसते, आणि गायक ठेक्याला सोडून कुठे जातच नाही. मात्रेच्या पोटातून तान निघते, वळसे घेत जाते आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, असा येतो की जणू तो आधीपासून तिथेच होता. हाताने टाळी देत ऐका. अमीर खाँसाहेबांच्या वेळी टाळी हरवते, मन्सूरांच्या वेळी टाळी सोडवत नाही. दोघांत मोठं कोण, हा प्रश्न मी घेत नाही. पण दोघांना शेजारी ठेवल्याशिवाय एकाचं वैशिष्ट्य नीट दिसत नाही, एवढं नक्की. कुठलीही रेकॉर्ड एकटी ऐकली की "छान" हाच शब्द सुचतो. तिच्या शेजारी दुसरी ठेवली की मग शब्द फुटतात.

जोडीने ऐकण्याचं सगळ्यात चोख उदाहरण मला आपल्या संगीताबाहेर सापडलं. जर्मन संगीतकार बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही 1741 मध्ये छापली गेलेली रचना. सुरुवातीला एक आरिया (गाण्यासारखी मूळ चाल), मग तिच्यावर तीस रूपं, शेवटी परत तीच आरिया. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने ती स्टुडिओत दोनदा ध्वनिमुद्रित केली, 1955 मध्ये बाविसाव्या वर्षी आणि परत 1981 मध्ये. दोन्ही वेळा न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या त्याच स्टुडिओत. पहिली साडेअडतीस मिनिटांची, दुसरी एक्कावन्न मिनिटांची. नुसती आरिया घ्या: पहिल्या खेपेला ती दोन मिनिटांच्या आत संपते, दुसऱ्या खेपेला तीन मिनिटांच्या थोडी पुढे जाते. माणूस तोच, रचना तीच, वाद्याची जात तीच. फरक जो काही आहे तो विचाराचा.

यावर नेहमी ऐकू येणारं मत म्हणजे "तरुणपणी वेगात वाजवलं, वय झाल्यावर सावकाश". हे अर्धवट आहे. बाखने प्रत्येक भागाच्या पुनरावृत्त्या लिहून ठेवल्यात. 1955 मध्ये गूल्डने त्या सगळ्या गाळल्या, 1981 मध्ये काही घेतल्या. वाढलेल्या वेळातला काही भाग तिथे गेला. शिवाय दुसऱ्या मुद्रणात काही रूपं चांगलीच जलद आहेत. बदललं आहे ते रूपा-रूपांमधलं नातं. पहिल्या मुद्रणात प्रत्येक रूप आपापल्या तोऱ्यात येतं आणि जातं. दुसऱ्यात एका रूपाची लय पुढच्या रूपाच्या लयीशी हिशेबाने बांधलेली आहे, आपल्याकडे बराबरीतून (मूळ लयीतून) दुगुन (दुप्पट) किंवा दीडपट निघावी तशी. एका रूपाच्या शेवटी पायाने ठेका धरा आणि पुढचं सुरू झाल्यावर तोच चालू ठेवून बघा, बऱ्याच ठिकाणी तो बसतो.

पाश्चात्त्य संगीताची सवय नसलेल्यांना मी यात शिरायला एक वाट सांगतो. या तीस रूपांमध्ये वरची चाल सारखी बदलते, तिला धरून चाललात तर हरवाल. कायम राहते ती खालची, डाव्या हाताची चाल. तिचे पहिले आठ स्वर आपल्या भाषेत असे: सा नी ध प, मग खालच्या अंगाने ग म प सा. सगळे शुद्ध, म्हणजे थेट बिलावल. हे आठ स्वर गुणगुणत आरिया दोन-चारदा ऐका. ते पाठ झाले की पुढच्या रूपांमध्ये कितीही नक्षीकाम असलं तरी खालून तोच सांगाडा सरकताना ऐकू येतो. ज्याला लेहऱ्यावर (पेटी-सारंगीवर पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या एकाच ओळीवर) तबला ऐकायची सवय आहे त्याला हे ऐकणं अजिबात परकं वाटणार नाही. गूल्ड वाजवताना स्वतः गुणगुणतो तेही दोन्ही मुद्रणांत ऐकू येतं. काहींना त्याचा त्रास होतो. मला होत नाही, आमच्याकडे साथीदारसुद्धा तोंडाने पुटपुटत असतात.

त्याच तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत, जो मुळात एक चर्च होता, 1959 च्या मार्च आणि एप्रिलमध्ये अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' मुद्रित झाली. तीही सध्या फिरते आहे, मुख्यतः तिचा पहिला तुकडा 'सो व्हॉट' यासाठी. यात चाल डबल बास (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) मांडतो आणि बाकीचे त्याला दोन ठोक्यांत उत्तर देतात. पुढे ट्रम्पेट, मग कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, मग ॲडर्लीचा आल्टो, मग बिल एव्हान्सचा पियानो, अशी एकेकाची पाळी. सगळा तुकडा दोनच स्वरसमूहांवर उभा आहे. पहिल्या समूहाचा मूळ स्वर षड्ज मानला तर स्वर आपल्या काफीचे, गंधार आणि निषाद कोमल. सोळा मोजमापं (प्रत्येकी चार ठोक्यांची) त्यात, मग आठ मोजमापं सगळंच्या सगळं अर्धा सूर वर, मग आठ परत मूळ जागी.

यावरून "बघा, हे आपलं रागसंगीतच आहे" असं म्हणायचा मोह आपल्याकडे अनेकांना होतो. नाही. काफीचे स्वर आहेत, काफी राग नाही. थांबायच्या जागा, चलन, आरोह-अवरोहाचे संकेत यातलं काहीच त्यांनी मानलेलं नाही आणि मानायचं कारणही नव्हतं. पण एक गोष्ट आपल्या कानाला फार रोचक आहे. तानपुरा पहिल्या षड्जाला लावून हा तुकडा ऐका. सोळा मोजमापं सगळं गुण्यागोविंदाने चालतं, आणि मग ते वर सरकतात तेव्हा तानपुऱ्याशी अशी टक्कर होते की दचकायला होतं. आपल्या गाण्यात षड्ज एकदा ठरला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. तो हलला तर काय होतं, हे मला या तुकड्याने शिकवलं. नुसतं ऐकताना ते वळण इतकं सहज येतं की नवख्याला कळतही नाही. तानपुरा लावला की लपत नाही.

हा प्रयोग कराल तेव्हा एक अडचण येईल. तुमच्याकडची प्रत जुन्या मुद्रणावरून आलेली असेल तर तानपुरा किंवा पेटी नीट जुळणार नाही, रेकॉर्ड किंचित चढी लागेल. दोष तुमच्या कानाचा नाही. मार्चच्या बैठकीत वापरलेलं टेपयंत्र जरा मंद चाललं होतं. त्यामुळे योग्य वेगाच्या यंत्रावर ती टेप लावली की सगळं थोडं जलद आणि थोडं वरच्या सुरात वाजायचं. पहिले तीन तुकडे अनेक दशकं तसेच विकले गेले आणि 1990 च्या दशकात दुरुस्त होऊन आले.

आपल्या जुन्या तबकड्यांच्या बाबतीत तर हा घोळ रोजचाच. 78 च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तबकड्या सुरुवातीच्या काळात मिनिटाला नेमक्या 78 फेऱ्यांनीच मुद्रित व्हायच्या असं नाही. वेग सहा टक्क्यांनी बदलला की पट्टी अर्ध्या सुराने सरकते. म्हणजे साधारण साडेत्र्याहत्तर फेऱ्यांची तबकडी कुणी 78 ने फिरवून संगणकावर चढवली, तर काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये गाताना ऐकू येतो, आवाज बारीक होतो आणि ताना आहेत त्याहून चपळ वाटतात. एकच तबकडी दोन ठिकाणी दोन पट्ट्यांत सापडली तर दोन्ही ऐका. ज्यात शब्दांचे उच्चार माणसासारखे वाटतात ती बहुधा खरी. "त्या काळचे गवई काय चपळ ताना घ्यायचे!" असे उद्गार काढण्याआधी एवढी खातरजमा करावी.

शिवाय 1925 पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोनच नव्हता. मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उठायची. खालचे आणि वरचे बरेचसे आवाज त्यात पकडलेच जात नसत. अशा मुद्रणावरून आवाजाची जात ठरवू नये. लय, उच्चार, श्वास आणि मांडणी या चार गोष्टी मात्र त्यातही जशाच्या तशा उतरतात, तेवढ्याच ऐकाव्यात. गायिका गौहर जान यांनी नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गसमोर ध्वनिमुद्रण दिलं, आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, तिथल्या लोकांना कुणाची कुठली हे कळायला त्याचा उपयोग. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. एरवी तासभर चालणारी चीज त्यात बसवायची म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याचा निर्णय आधीच घ्यावा लागायचा.

गायिका केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', याच मापाची, साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकाने ती सुचवली आणि 1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर गेलेल्या सोनेरी तबकडीवर तिला जागा मिळाली. केसरबाईही त्याच वर्षी गेल्या. अंतराळाची गोष्ट सगळे सांगतात, रेकॉर्डमध्ये काय आहे ते फारसं कुणी सांगत नाही. मी ती ऐकतो श्वासासाठी. आवाज उघड्या आकारात लागतो आणि तान संपेपर्यंत त्याची गोलाई बदलत नाही. तानेच्या शेवटी दम संपत आला की बहुतेकांचा आवाज बारीक होतो किंवा घसरतो, इथे तसं काही घडत नाही. प्रत्येक फेकीनंतर मुखड्याकडे येताना किती जागा उरली आहे याचा अंदाज इतका पक्का आहे की घाई कुठेच दिसत नाही. डोळे मिटून फक्त बाई श्वास कुठे घेतात तेवढंच शोधा. दोन-तीन वेळा ऐकूनही काही श्वास सापडणार नाहीत.

हे झालं माझं. आता तुम्ही काय करावं?

रागसंगीत ऐकत नसाल तरी चालेल, वर सांगितलेलं सगळं भावगीताला, सिनेमाच्या गाण्याला, रॉकला तसंच लागू आहे. आवडतं एक गाणं घ्या आणि त्यातल्या गायकाला चक्क सोडून द्या. एकदा फक्त बास ऐका, एकदा फक्त ठेका, एकदा फक्त दोन कडव्यांच्या मधलं संगीत. पहिल्या आणि दुसऱ्या अंतऱ्याआधीचे तुकडे सारखेच आहेत की वेगळे, ते बघा. जुन्या गाण्यांत बहुधा वेगळे निघतात, आणि त्या वेळी संगीत संयोजन करणाऱ्यांचं काम किती बारीक होतं हे तेव्हाच उमगतं. मग गायकाकडे परत या. तोच शब्द दुसऱ्यांदा म्हणताना त्याने काय बदललं? आपण "काय जागा घेतली!" म्हणून दाद देतो ना, ती जागा नेमकी कुठल्या अक्षरावर आहे? ते अक्षर सापडलं की तुमचं 'का' सापडलं.

दोन मुद्रणांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जे जरासं मोठ्याने वाजतं ते कानाला आपसूक जास्त चांगलं, जास्त भरदार वाटतं. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं आणि श्रोत्यांमध्ये जवळजवळ कुणालाच नाही. "नवी प्रत जास्त जिवंत आहे" असं वाटलं की आधी आवाजाचं बटण तपासा.

ॲपमधलं 'पुढचं आपोआप वाजवा' हे मी बंद करून ठेवलं आहे. चांगली चीज संपल्यावर तिचा ठसा कानात काही वेळ राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्यात काय होतं ते आठवायला सुरुवात होते. त्यावर लगेच दुसरं गाणं येऊन आदळलं की सगळं पुसलं जातं. तानांचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे फिरत असतात, तेही मी ऐकत नाही. ज्या आलापीतून ती तान निघाली ती कापून टाकली तर उरते ती नुसती कसरत. सवाल-जवाबांच्या जुगलबंद्यांबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. दाद कुठे द्यायची हे त्यात आधीच ठरलेलं असतं.

आणि मित्रांना सांगताना नाव एकच सांगा. दहा नावांची यादी कुणी ऐकत नाही. कुठलं मुद्रण, त्यातला कुठला भाग, तिथे काय ऐकायचं, आणि तुम्हाला काय पटलं नाही, एवढं सांगा. शेवटची गोष्ट लोक गाळतात, पण त्यानेच तुमच्या शिफारशीवर भरवसा बसतो. उदाहरणार्थ, गूल्डचं 1955 चं मुद्रण मला चमकदार वाटतं, पण त्यातली आरिया मला कधीच पटलेली नाही. फार लवकर उरकते. हे मी गूल्डच्या भक्तांनाही सांगतो, आणि मग त्यांच्याकडून जे ऐकायला मिळतं त्यातून दर वेळी काहीतरी नवं हाती लागतं.

एखादी नावाजलेली रेकॉर्ड तुमच्यापर्यंत पोचतच नसेल तर तिच्याशी झटत बसू नका. ज्याने सुचवली त्यालाच विचारा, "नेमकं कुठे ऐकू?" त्याने मिनिट सांगितलं तर तेवढंच मिनिट चार वेळा ऐका. "ऐकत राहा, कळेल हळूहळू" असं उत्तर आलं तर बहुधा त्यालाही सापडलेलं नाही. मग ती बाजूला ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारा.